न वाचलेला नकार

मळवली स्टेशनात उतरून कार्ल्याच्या डोंगराच्या दिशेने चालू लागलं की वाटेत एक लहान गाव लागतं. त्या गावात एका खोलीचं वाचनालय होतं. खोली लहान असली तरी कपाटांत मोठा ठेवा होता. गावातल्या जुन्या शिक्षकांनी आणि मुंबईची गिरणी सोडून परतलेल्या कामगारांनी दिलेली मासिकं तिथे वर्षावर्षाने बांधून ठेवली होती. १८९५ साली सुरू झालेलं ‘मनोरंजन’, १९२० पासूनचं ‘किर्लोस्कर’ आणि वर्तमानपत्रांतून कापून वहीत चिकटवलेली कितीतरी पानं.

लोणावळ्याचा पाऊस कागदाचा वैरी. जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात, पुस्तकांना बुरशी येते. ग्रंथपाल काका कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवत, वाटीत चुनकळी ठेवत, कडुनिंबाचा पाला बदलत. तरीही दर पावसाळ्यानंतर काही पानं हातात घेतली की तुकडे पडत.

या वाचनालयात एक आबा रोज दुपारी येत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चष्म्याची काच जाड. एक बांधीव वर्ष समोर घ्यायचं आणि पानापानावरून बोट फिरवायचं, हा त्यांचा नेम. त्यांना गोष्टी वाचायच्या नसत. ते एक नाव शोधत होते.

मुळशी खोऱ्यात टाटा कंपनीने विजेसाठी धरण बांधायला घेतलं, तेव्हा १९२१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून सेनापती बापट झाले. लढा १९२४ पर्यंत चालला. शेवटी धरण झालं, गावं पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईला गेली. आबांच्या वडिलांचं गाव त्यातलंच. धरणानंतर ते कुटुंब डोंगर ओलांडून मावळात आलं आणि इथलंच झालं.

“सातबाऱ्यावर गाव न्हाई, नकाशावर गाव न्हाई,” आबा म्हणत. “पर कुणीतरी, कुठंतरी लिवलंच आसंल की.”

वाचनालयात सुटीच्या दिवशी एक मुलगी मदतीला येई. ती वेहेरगावची, तळेगावला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करणारी. आबांचं बोट ओळीवरून सरकताना ती दर वेळी पाहत होती. एके दिवशी ती ग्रंथपाल काकांना म्हणाली, “काका, ही पानं स्कॅन करून त्यातली अक्षरं यंत्राकडून वाचून घेतली, तर आबांना हवं ते नाव एका क्षणात शोधता येईल. त्यासाठी टेसरॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते मुक्त आहे, पैसे लागत नाहीत.”

काकांनी समितीला विचारलं. वर्गणीतून एक स्कॅनर आला. मुलीने उन्हाळाभर बसून पानं स्कॅन केली आणि ती पीएनजी प्रकारच्या फाइलींत साठवली, कारण त्या प्रकारात चित्रातला एकही ठिपका हरवत नाही. वाचनालयाकडे एक जुना लॅपटॉप होता, त्यावर उबुंटू १६.०४ ही लिनक्स प्रणाली चालत होती. पुस्तकांची यादी आणि वर्गणीदारांची नोंद त्यातच असल्यामुळे ती व्यवस्था बदलायला काका तयार नव्हते.

उबुंटूच्या त्या आवृत्तीबरोबर टेसरॅक्टची ३.०४ ही आवृत्ती मिळे. मुलीने एक पान देऊन पाहिलं. जोडाक्षरं आली की यंत्र अडखळत होतं, काना आणि वेलांटी एकमेकांत मिसळत होत्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत अक्षर ओळखण्याची पद्धतच बदलली होती. एकेक अक्षर सुटं करण्याऐवजी ती न्यूरल नेटवर्कच्या साहाय्याने सबंध ओळ वाचत होती. शिरोरेघेने बांधलेल्या आपल्या लिपीला हे फार मानवणारं. पण ही आवृत्ती या लॅपटॉपवर हवी, तर तिचा सोर्स कोड आणून तो इथेच कंपाइल करायला हवा होता.

तिचा मावसभाऊ, ज्याला ती दादा म्हणे, हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होता. २०१९ च्या पावसाळ्यात तो शनिवार-रविवार गावी येत होता. हुशार होता, हात चपळ होता, आणि बहिणीच्या या कामाचं त्याला मनापासून कौतुक होतं.

“एका संध्याकाळचं काम आहे,” तो म्हणाला. “कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. तीन आज्ञा, बास.”

त्या तीन आज्ञांमध्ये काय घडतं, हे समजून घेण्यासारखं आहे. कॉन्फिगर ही पाहणी असते. या यंत्रावर कंपायलर आहे का, लागणाऱ्या लायब्रऱ्या आहेत का, त्यांच्या आवृत्त्या पुरेशा नव्या आहेत का, हे ती एकामागून एक तपासते, प्रत्येक प्रश्नापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिते आणि त्या उत्तरांवरून बांधणीचा आराखडा ठरवते. मेक त्या आराखड्याप्रमाणे कोड बांधतं. मेक इन्स्टॉल तयार झालेल्या फाइली जागच्या जागी नेऊन ठेवतं.

पहिल्याच पाहणीत काम थांबलं. टेसरॅक्टला लेप्टोनिका ही लायब्ररी किमान १.७४ आवृत्तीची हवी होती. चित्र फाइलीतून उचलणं, स्वच्छ करणं, सरळ करणं ही कामं लेप्टोनिका करते. लॅपटॉपवर होती १.७३.

“एका आकड्यासाठी दार अडवतंय,” दादा म्हणाला. त्याने कॉन्फिगरची फाइल उघडली, १.७४ च्या जागी १.७३ केलं आणि पाहणी पुन्हा चालवली. आता तक्रार उरली नाही. पडद्यावरून ओळी सरसर धावू लागल्या. बराच वेळ गेला आणि मग बांधणी मध्येच कोसळली. नव्या लेप्टोनिकातलं एक फंक्शन कोडला हवं होतं आणि जुनीत ते नव्हतंच.

मुलगी म्हणाली, “दादा, ते आपल्याला आधीच सांगत होतं. आपण त्याचं तोंड बंद केलं.”

दादाला ते पटलं. आकडा पूर्ववत करून त्याने लेप्टोनिकाचाही नवा सोर्स कोड उतरवला. १.७८ ही आवृत्ती त्याच वर्षी आली होती. त्याने तिच्यावर कॉन्फिगर चालवलं. पडद्यावर शेकडो ओळी गेल्या, कुठेही काम थांबलं नाही. त्याने मेक दिलं, इन्स्टॉल केलं. कुठेही एरर नाही.

“बघ, एकसुद्धा एरर नाही!”

तिने मान डोलावली. शेकडो ओळी गेल्या होत्या आणि त्यांतली एकही त्या दोघांनी वाचली नव्हती.

टेसरॅक्टच्या बांधणीत आणखी दोन अडथळे आले. दादाने वेळ वाचवायला एकाच वेळी आठ कामं चालवली. दोन जीबी मेमरीच्या लॅपटॉपला ते झेपलं नाही. पडद्यावर ‘किल्ड’ एवढाच शब्द आला. कोडमध्ये दोष नव्हता. मेमरी संपत आल्यामुळे लिनक्सच्या कर्नलनेच कंपायलर मारून टाकला होता. एकेक काम करत गेल्यावर बांधणी रात्री उशिरा पूर्ण झाली. मग टेसरॅक्ट सुरू करताना त्याला आपलीच लायब्ररी सापडेना, कारण नवी लायब्ररी आल्याची नोंद यंत्राने अजून घेतलेली नव्हती. एलडीकॉन्फिग ही आज्ञा देताच ती नोंद झाली. मराठीची प्रशिक्षित फाइल योग्य फोल्डरमध्ये ठेवली आणि सारं तयार झालं.

दादाने मोबाइलवर काढलेला एका पानाचा फोटो दिला. काही क्षणांत पडद्यावर मराठी ओळी उमटल्या, जोडाक्षरांसकट. ग्रंथपाल काका खुर्चीतून उठून जवळ आले.

मग मुलीने आपल्या स्कॅन केलेल्या पानांपैकी एक दिलं. एरर. दुसरं दिलं, एरर. संपूर्ण फोल्डर दिलं, प्रत्येक पानाला एरर.

“फोटो चालतो आणि तुझी पानं चालत नाहीत,” दादा म्हणाला. “म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर आहे. तुझ्या फाइलीच बिघडल्यात. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये काहीतरी चुकलंय.”

मुलीचा चेहरा उतरला. उन्हाळाभराचं काम होतं ते. पण तीच फाइल लॅपटॉपवर नुसती उघडली की चित्र स्वच्छ दिसत होतं.

दादाने लगेच दुसरा मार्ग काढला. “सगळ्या फाइली जेपेगमध्ये बदलून टाकू. माझा फोटो जेपेग होता, तो चालला. पाच मिनिटांत होईल.”

“नको,” ती म्हणाली. “जेपेग फाइल लहान करताना बारीक तपशील टाकून देतं, अक्षरांच्या कडा पुसट करतं. आपली ही पानं जुनी आहेत. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्याआधीची छपाई आहे, ओळीओळीवर अनुस्वार आहेत. कागदावर आधीच डाग आहेत. अनुस्वार कुठला आणि डाग कुठला, हे कळायला हरेक ठिपका लागेल. आणि दादा, आपण हे केलं तरी पीएनजी का चालत नाही, ते कळणारच नाही.”

“कळून काय करायचंय? काम झाल्याशी मतलब.”

“मघाशी आकडा बदलला तेव्हाही आपण हेच म्हणालो होतो.”

बाहेर पाऊस कोसळत होता. घाटात दरडी पडून मुंबई-पुणे गाड्या विस्कळीत झाल्याच्या बातम्या होत्या. तेवढ्यात वीज गेली आणि त्या रात्रीचं काम तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी दादा उशिरा उठला. मुलगी सकाळीच वाचनालयात पोहोचली होती. आबाही लवकर आले होते.

“झालं का गं पोरी?”

“नाही आबा. यंत्र शेवटी अडतंय.”

“कशापायी?”

“तेच कळत नाही. शेवटच्या ओळीत एवढंच लिहिलंय, हे काम करणारं फंक्शन हजर नाही.”

आबांनी चष्मा पुसला. “शेवटाला कोण काय बोलतंय, त्यावरनं कारण गावत न्हाई. आमची मान्सं धरणात उड्या टाकाया निघाली, तवा समद्यांना दिसली. पर तेच्या आधी सरकारात अर्ज केल्यालं, सभा घेतल्याली, ‘न्हाई’ म्हनून सांगितल्यालं, त्ये कुनी वाचलं? म्या त्येच तर हुडकतुया. पयल्यांदा कुनी ‘न्हाई’ म्हनलं, त्ये.”

ती क्षणभर थांबली. मग शेवटची ओळ सोडून तिने सुरुवातीकडे जायचं ठरवलं.

आधी तिने टेसरॅक्टलाच त्याची आवृत्ती विचारली. उत्तरात टेसरॅक्टच्या आवृत्तीखाली लेप्टोनिकाची आवृत्ती येते आणि तिच्याखाली लेप्टोनिका ज्या चित्र-लायब्रऱ्यांच्या आधाराने बांधली गेली त्यांची नावं येतात. त्या यादीत जेपेगचं नाव होतं, झेडलिबचं होतं. पीएनजीचं नव्हतं.

म्हणजे दोष टेसरॅक्टमध्ये नव्हता आणि तिच्या पानांतही नव्हता. दोष त्याच्याही आधीच्या पायरीवर, लेप्टोनिकाच्या बांधणीत होता. ‘एकसुद्धा एरर नाही’ म्हणून जी बांधणी त्यांनी मागे टाकली होती, तीच.

पडद्यावरच्या त्या ओळी केव्हाच निघून गेल्या होत्या. पण कॉन्फिगर आपली सगळी पाहणी एका लॉग फाइलमध्ये लिहून ठेवतं. तिने ती फाइल उघडली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. कंटाळवाणं वाचन होतं. कंपायलर आहे का, आहे. तो चालतो का, चालतो. जेपेग आहे का, आहे. आणि मग तिला ती ओळ सापडली. पीएनजी आहे का? नाही.

त्या ‘नाही’पाशी काम थांबलं नव्हतं. लेप्टोनिकाला पीएनजी असेल तर चांगलं, नसेल तरी चालतं. ती पीएनजी वाचण्याच्या जागी एक रिकामं फंक्शन ठेवते आणि बाकीची बांधणी पुरी करते. त्या रिकाम्या फंक्शनला कुणी खरोखर काम सांगितलं, तेव्हाच ते म्हणतं, मी हजर नाही. नकार पहिल्या पायरीवरच दिला गेला होता, स्पष्ट शब्दांत आणि लेखी. गाजावाजा न करता दिला होता, म्हणून कुणी वाचला नव्हता.

एवढ्यात दादा आला. तिने ती ओळ त्याला दाखवली. तो आधी मानेना.

“पीएनजी कसं नाही? या लॅपटॉपवर पीएनजी चित्रं रोज उघडतात.”

“उघडायला लागणारी लायब्ररी आहे,” ती म्हणाली. “पण तिच्या आधाराने नवीन काही बांधायचं, तर तिच्या हेडर फाइली लागतात. त्या उबुंटू वेगळ्या पॅकेजमध्ये देतं, ज्याच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असतं. जेपेगचं ते पॅकेज कुणीतरी पूर्वी घातलेलं होतं. पीएनजीचं नाही. म्हणून तुझा फोटो चालला आणि माझी पानं अडली.”

दादा खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला आणि ती यादी पाहू लागला. “एक पान वाचायला किती जणांचं काम लागतं गं! टेसरॅक्ट एकाचं, लेप्टोनिका दुसऱ्याचं, पीएनजी तिसऱ्याचं...”

खरंच तसं होतं. टेसरॅक्ट १९८५ ते १९९४ या काळात ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत घडलं, २००५ साली ते सर्वांसाठी खुलं झालं आणि पुढच्या वर्षापासून गूगलने ते पुढे नेलं. लेप्टोनिका डॅन ब्लूमबर्ग यांनी लिहिली. जिफ या चित्रप्रकारावर पेटंटचा दावा आला, तेव्हा काही जणांनी १९९५ साली एकत्र येऊन कुणाच्याही मालकीचा नसलेला पीएनजी हा प्रकार तयार केला. त्याच्या पोटात माहिती दाबून बसवण्याचं काम करणारी झेडलिब ज्याँ-लू गायी आणि मार्क ॲडलर यांची. यातल्या कुणी मावळ पाहिलं नसेल, पण आबांच्या गावाचं नाव शोधायला त्यांचं काम लागत होतं.

मुलगी म्हणाली, “आपण एकवीरेला जातो तेव्हा बाजूच्या कार्ल्याच्या लेण्यात डोकावतोस ना? त्या चैत्याचे खांब एकाच राजाने दिलेले नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी धेनुकाकटाहून, कुणी सोपाऱ्याहून एकेक खांब दिला आणि त्यावर आपलं नाव आणि गाव कोरलं. धेनुकाकटाच्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दार दिलं. त्यांत यवनही आहेत. कुठला खांब कुणाचा, हे अजून वाचता येतं. ही यादी तशीच आहे. कुणाचं नाव नाही ते पाहिलं की कुठला खांब उभा राहिला नाही ते कळतं.”

दादाने पीएनजीचं डेव्ह पॅकेज घातलं. मग सवयीने लेप्टोनिकाच्या फोल्डरमध्ये जाऊन मेकची आज्ञा दिली. उत्तर आलं, करण्यासारखं काही नाही.

“आता काय?” तो वैतागला. “पॅकेज घातलं की!”

यावेळी त्याने पुढची आज्ञा लगेच दिली नाही. दोघांनी मिळून विचार केला. मेकची जन्मकथा मुलीला वर्गात ऐकलेली आठवली. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन नावाचे संशोधक एके सकाळी संतापून सहकाऱ्याच्या खोलीत आले. त्यांनी आख्खी सकाळ एक चूक शोधण्यात घालवली होती आणि प्रत्यक्षात ती चूक आधीच दुरुस्त झालेली होती. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती, म्हणून जुनाच प्रोग्रॅम चालत होता. ते सहकारी म्हणजे स्टुअर्ट फेल्डमन. आदल्या संध्याकाळी त्यांचाही वेळ अशाच घोटाळ्यात गेला होता. त्यांनी त्या शनिवार-रविवारी मेक लिहिलं. कुठली फाइल बदलली आणि म्हणून काय पुन्हा बांधायला हवं, हे फाइलींच्या वेळा पाहून ठरवणारं साधन. या कामासाठी २००३ साली एसीएम या संस्थेने त्यांचा गौरव केला.

“मेक फाइलींच्या वेळा बघतं,” मुलगी म्हणाली. “लेप्टोनिकाच्या फोल्डरमधली एकही फाइल आपण बदललेली नाही. आपण यंत्रावर नवं पॅकेज घातलं, ते मेकला कसं कळणार? पीएनजी नाही, ही नोंद कॉन्फिगरने केलेली आहे. ती तशीच आहे.”

“म्हणजे पाहणीच पुन्हा करायला हवी.”

“हो. जिथे ‘नाही’ लिहिलं गेलं, तिथूनच.”

दादाने कॉन्फिगर पुन्हा चालवलं. आता त्याने ओळी धावू दिल्या नाहीत, एकेक वाचली. पीएनजी आहे का? आहे. त्याच्यापुढे आणखी एक ‘नाही’ होतं, टिफ या प्रकारापुढे. ते आता अडणार नव्हतं, पण पुढे कुणी टिफ फाइली आणल्या तर अडलं असतं. त्याने तेही पॅकेज घातलं आणि पाहणी पुन्हा केली. मग मेक. यावेळी बदललेल्या नोंदीमुळे मेक कामाला लागलं. इन्स्टॉल, एलडीकॉन्फिग. टेसरॅक्ट नव्याने बांधावं लागलं नाही, कारण ते लेप्टोनिकाची सामायिक लायब्ररी चालताना उचलतं. आवृत्ती विचारली, तर यादीत पीएनजीचं नाव आलेलं.

मुलीने आपलं पहिलं पान दिलं. ओळी उमटल्या. कुठे ‘ण’चा ‘ण्’ झाला होता, कुठे डागाचा अनुस्वार झाला होता, पण पान वाचलं गेलं होतं. तिने सारं फोल्डर लावून दिलं. ते काम रात्रभर आणि पुढचे काही दिवस चाललं.

पुढच्या रविवारी आबांनी आपल्या वडिलांच्या गावाचं नाव सांगितलं आणि तिने ते शोधलं. यंत्र म्हणालं, सापडलं नाही. आबा काठी घेऊन उठायला निघाले.

“थांबा आबा,” ती म्हणाली. “यंत्राने अक्षर चुकीचं वाचलं असेल, तर हा नकार आपल्या गावाचा नाही, त्या एका अक्षराचा आहे.”

तिने नावातली मधली मात्रा काढून शोधलं. मग शेवटची दोन अक्षरं सोडून शोधलं. आणि एका कात्रणात ते सापडलं. धरणाला विरोध कळवणाऱ्या गावांची यादी होती ती. कुणा वाचकाने आपल्या वहीत चिकटवून ठेवलेली. नावाच्या शेवटच्या अक्षरावर कागदाची घडी आली होती, म्हणून यंत्र चुकलं होतं. तिने ते पान मोठं करून आबांना दाखवलं. आबांनी स्वतः अक्षरं लावली, पुन्हा लावली आणि ग्रंथपाल काकांना म्हणाले, “ह्ये बगा. आमच्या लोकांनी सांगितलं हुतं. लिवल्यालं हाय.”

त्या कामानंतर मुलीने एक वही केली. कुठल्या यंत्रावर काय बांधलं, कुठली पॅकेजेस आधी घालायला हवीत, कुठे काय अडलं, पहिला नकार कुठल्या पाहणीत सापडला आणि त्याचं कारण काय होतं, हे सारं तिने सोप्या मराठीत, क्रमाने लिहिलं. आपण केलेले चुकीचे उपायही गाळले नाहीत. आवृत्तीचा आकडा बदलून काय झालं, फाइली जेपेगमध्ये बदलायला का नकार दिला, हेही लिहिलं. वहीच्या पहिल्या पानावर तिने त्या सगळ्या माणसांची नावं लिहिली, ज्यांच्या कामावर हे उभं होतं. शेजारच्या एका गावातल्या शाळेने पुढे आपले जुने दाखले असेच वाचून घ्यायचे ठरवले, तेव्हा तिथल्या शिक्षकांनी ती वही नेली आणि तिच्या आधाराने काम पुरं केलं.

दादाच्याही कामाची रीत बदलली. ऑफिसात कुणाची बांधणी अडली की तो आधी विचारी, “पहिली ओळ कुठली? शेवटची नको. जिथून बिघडायला सुरुवात झाली, ती दाखवा.” नवीन आलेल्या मुलांना तो सांगे, की एरर हा आपला शत्रू नाही. तो खरं सांगतोय, फक्त आपल्याला सोयीच्या भाषेत सांगत नाही. त्याचं तोंड बंद करू नका, त्याला शेवटपर्यंत बोलू द्या आणि मग त्याच्या आधी कोण काय म्हणालं तेही वाचा.

तात्पर्य: काम मोडतं ते शेवटच्या पायरीवर, पण ते बिघडलेलं असतं पहिल्या पायरीवर. सुरुवातीला आलेला नकार सहसा मोठ्याने ओरडत नाही. तो शेकडो ओळींतली एक ओळ होऊन निघून जातो आणि आपल्याला वाटतं की सारं सुरळीत झालं. मग शेवटी अडलं, की आपण समोर दिसेल त्याला दोष देतो: फाइलींना, यंत्राला, दुसऱ्याच्या मेहनतीला. अडचण आली तर वरवरचा उपाय करून पुढे जाण्याआधी सुरुवातीपर्यंत मागे जावं, लिहिलेलं वाचावं आणि जिथे पहिल्यांदा ‘नाही’ म्हटलं गेलं तिथेच दुरुस्ती करावी. सॉफ्टवेअरच्या बांधणीत हा धडा एका रात्रीत शिकता येतो, कारण तिथे प्रत्येक नकाराची नोंद राहते. माणसांच्या नकाराची नोंद ठेवायची जबाबदारी आपली आहे, आणि तो वेळेत वाचायचीसुद्धा.